फिशटँकची कमी वॅटची उपकरणे स्वयंचलित सॉकेटवर चालवताना: निवड, जोडणी आणि चाचणी

फिशटँकच्या दिव्याची वेळ संपलेली असते, मोबाइलच्या ॲपमध्ये सॉकेट बंद असल्याचे दिसत असते, आणि तरीही खोलीत अंधार केल्यावर दिव्याच्या पट्टीतले काही एलईडी मंद उजळलेले दिसतात. कधी एअर पंप बंद असूनही बारीक घुमत राहतो, तर कधी कार्बन डायऑक्साइडचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) बंद व्हायचे नाव घेत नाही आणि वायू रात्रभर पाण्यात जात राहतो. अशा वेळी बहुतेक जण उपकरणालाच दोष देतात आणि ते बदलून पाहतात. मूळ कारण मात्र सॉकेटच्या आतल्या स्विचमध्ये असते. सॉकेटवर छापलेला १० अँपिअर हा आकडा वरची मर्यादा सांगतो. तीन-चार वॅटच्या उपकरणाची अडचण खालच्या मर्यादेची असते, आणि तो आकडा खोक्यावर सहसा छापलेला नसतो.

हा लेख २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या आपल्या घरगुती पुरवठ्यावर चालणारी, पाणवनस्पती लावलेली मध्यम आकाराची गोड्या पाण्याची टाकी गृहीत धरून लिहिला आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीलाही यातले बहुतेक सगळे लागू पडते. तिथे मिठाच्या थराचा उपद्रव तेवढा वाढतो.

स्विच कोणत्या जातीचा आहे

स्वयंचलित सॉकेटमध्ये दोनपैकी एका प्रकारचा स्विच असतो. पहिला प्रकार यांत्रिक रिलेचा. यात लहानशी कॉइल धातूची पट्टी ओढून घेते, संपर्कबिंदू जुळतात किंवा सुटतात, आणि त्या क्षणी 'टक्' असा आवाज येतो. बंद अवस्थेत दोन बिंदूंमध्ये खरोखरची हवेची फट असते. दुसरा प्रकार अर्धवाहक स्विचचा, म्हणजे ट्रायॅक किंवा त्यावर आधारलेला सॉलिड स्टेट रिले. यात हलणारा भाग नसतो, त्यामुळे आवाज येत नाही आणि संपर्कबिंदू झिजण्याचा प्रश्नही उरत नाही.

आता अडचण पाहू. ट्रायॅक एकदा चालू झाल्यावर तो चालू राहण्यासाठी त्यातून ठरावीक किमान प्रवाह वाहावा लागतो. त्यापेक्षा कमी प्रवाह घेणारे उपकरण लावले, तर ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या आवर्तनात मध्येच सुटतो आणि दिवा लुकलुकतो किंवा पंप अडखळतो. उदाहरणार्थ, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणाऱ्या लहान सॉलिड स्टेट रिलेच्या बोर्डांवर बऱ्याचदा ओमरॉनचा जी३एमबी-२०२पी हा रिले असतो. त्याची भारमर्यादा ०.१ ते २ अँपिअर आहे. ०.१ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर २३ वॅटच्या आसपास. चार वॅटचा एअर पंप १७ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे तो या मर्यादेच्या बराच खाली राहतो.

दुसरी अडचण बंद अवस्थेतली. ट्रायॅकला विजेच्या झटक्यांपासून वाचवण्यासाठी त्याच्या दोन टोकांना समांतर असा रोध आणि कपॅसिटर यांचा जोड लावलेला असतो. त्याला स्नबर म्हणतात. पर्यायी प्रवाहाला कपॅसिटर पूर्ण अडवत नाही, त्यामुळे बंद केलेल्या नळातून थेंब गळावेत तसा थोडा प्रवाह सतत झिरपत राहतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ३२ किलोओहमचा अडथळा देतो, म्हणजे २३० व्होल्टवर सात मिलिअँपिअरच्या आसपास गळती. शंभर वॅटच्या उपकरणाला ही गळती जाणवतही नाही. एलईडीच्या ॲडॅप्टरमधला कपॅसिटर मात्र तेवढ्यावर हळूहळू भरत जातो आणि दिवा मंद उजळतो, किंवा ठरावीक अंतराने लकाकतो.

अमेरिकेत रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्यांना हा प्रश्न जुनाच आहे. नेपच्यून सिस्टिम्स या कंपनीच्या एपेक्स या फिशटँक नियंत्रकाबरोबर येणाऱ्या ईबी८ या आठ सॉकेटच्या पट्टीत चौथे आणि आठवे सॉकेट यांत्रिक रिलेचे, तर उरलेली सहा ट्रायॅकची होती. कमी वॅटची उपकरणे त्या दोन सॉकेटांवर लावायची, हे तिथल्या शौकिनांना पाठच झालेले असे. आपल्याकडे सध्या मिळणारे बहुतेक स्मार्ट प्लग रिलेचे असतात, ही चांगली गोष्ट आहे. गोंधळ होतो तो स्वतः बोर्ड जोडणाऱ्यांचा, आणि 'आवाज न करणारा' स्विच हौसेने विकत घेणाऱ्यांचा.

पहिली पायरी: उपकरणांची यादी आणि त्यांचा स्वभाव

कागदावर प्रत्येक उपकरण, त्याचे वॅट आणि त्याची जात लिहून काढावी. वॅटपेक्षा जात जास्त महत्त्वाची आहे. जाती तीन मानता येतील: ॲडॅप्टरवर चालणारी (एलईडी दिवा, द्रवाची मोजून मात्रा सोडणारा डोसिंग पंप, पाण्यात लाटा उठवणारा डीसी वेव्हमेकर, कूलिंगचा पंखा), थेट कॉइलवर चालणारी (एअर पंप, पाणी फिरवणारा एसी पॉवरहेड, २३० व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह) आणि निव्वळ तापणारी (हीटर).

हीटर कमी वॅटच्या उपकरणांत मोडत नाही. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट कायम ठेवूनच त्याला बाहेरून नियंत्रित करावे. मुख्य फिल्टर स्वयंचलित सॉकेटवर मुळीच लावू नये, असे माझे ठाम मत आहे. खाणे घालताना दहा मिनिटे पाणी थांबवण्याच्या सोयीसाठी कॅनिस्टर फिल्टर ॲपच्या स्वाधीन करणे, आणि मग एखाद्या रात्री तो बंदच राहिल्याने आतले जिवाणू प्राणवायूअभावी मरणे, हा सौदा परवडणारा नाही.

यादी करतानाच आणखी एक तपासणी उरकून घ्यावी. उपकरण चालू असताना त्याचा प्लग काढावा आणि दहा सेकंदांनी परत लावावा. स्पर्शाच्या बटणाचे अनेक एलईडी दिवे आणि काही डीसी पंपांचे नियंत्रक वीज परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत, बोटाची वाट पाहत बसतात. असे उपकरण कोणत्याही सॉकेटवर स्वयंचलित होणार नाही. त्यासाठी उपकरणाचाच टायमर वापरावा.

दुसरी पायरी: सॉकेटची ओळख

सॉकेट कानाजवळ धरून चालू-बंद करावे. स्पष्ट 'टक्' आवाज आला तर आत रिले आहे. मात्र रिले आहे म्हणून गळती नाहीच, असे लगेच समजू नये, कारण काही बोर्डांवर रिलेच्या संपर्कबिंदूंनाही समांतर स्नबर लावलेला असतो आणि तोही तितकाच गळतो.

इथे मल्टिमीटर फसवतो. भार न लावता ट्रायॅकच्या बंद सॉकेटवर मीटर धरला तर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट दिसतात, कारण मीटरचा स्वतःचा अडथळा साधारण १० मेगओहम असतो आणि त्याच्यापुढे ३२ किलोओहम काहीच नाहीत. निऑनचा टेस्टरही उजळतो. म्हणून मोजणी नेहमी खरे उपकरण जोडूनच करावी. मीटर वापरण्याची सवय नसेल तर तो सॉकेटमध्ये घालूच नये. रात्री खोलीत अंधार करून, उपकरण लावलेले असताना, पाच मिनिटे निरीक्षण करणे घरगुती कामाला पुरेसे आहे.

त्याच वेळी भिंतीवरच्या सॉकेटची जोडणीही पाहावी. समोरून पाहताना अर्थिंगचे मोठे भोक वर, फेज उजव्या हाताला आणि न्यूट्रल डावीकडे असायला हवे. जुन्या घरांत आणि घरगुती एक्सटेन्शन बोर्डांत हे उलटे असल्याचे वारंवार आढळते. स्मार्ट प्लग आपल्या हिशेबाने फेज तोडतो, पण जोडणी उलटी असेल तर प्रत्यक्षात न्यूट्रल तुटतो आणि फेज उपकरणापर्यंत तसाच पोहोचलेला राहतो. रिले उत्तम असूनही एलईडी मंद उजळत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा आणि वायरमनकडून जोडणी सुधारून घ्यावी. नवीन सॉकेट विकत घेण्याआधी हे अवश्य करावे.

तिसरी पायरी: कोणते उपकरण कुठे

सोलेनॉइड व्हॉल्व्हला पहिला मान द्यावा. व्हॉल्व्ह उघडायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा तो उघडा धरून ठेवायला पुष्कळच कमी लागतो. त्यामुळे एरवी निरुपद्रवी वाटणारी गळती एखाद्या लहान व्हॉल्व्हला अर्धवट धरून ठेवू शकते. दिवा मंद उजळला तर केवळ डोळ्यांना खुपते. कार्बन डायऑक्साइड रात्रभर सुरू राहिला तर सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतात. म्हणून व्हॉल्व्ह स्नबर नसलेल्या रिलेवरच असावा, आणि बंद केल्यावर बबल काउंटरमधले (वायूचे बुडबुडे मोजण्याच्या नळीतले) बुडबुडे खरोखर थांबतात का, हे मोजून पाहावे. नळीत उरलेल्या दाबामुळे काही मिनिटे बुडबुडे येत राहणे स्वाभाविक आहे. अर्ध्या तासाने ते येता कामा नयेत.

कॉइलवर चालणाऱ्या उपकरणांचा प्रवाह तोडताना रिलेच्या बिंदूंवर ठिणगी पडते. ती शमवण्यासाठी स्नबर लावायचाच असेल तर तो संपर्कबिंदूंना समांतर न लावता उपकरणाच्या दोन तारांना, म्हणजे भाराला समांतर लावावा. ठिणगी तशीही शमते, आणि रिले सुटल्यावर स्नबरचाही पुरवठा तुटत असल्याने गळतीला वाट उरत नाही. सुटा भाग तोच आणि किंमतही तीच. फक्त जागा बदलल्याने या लेखातली अर्धी अडचण मिटते.

एअर पंप रिलेवर ठेवावा आणि त्याच्या नळीत चेक व्हॉल्व्ह घालावा. पंप हाताने क्वचित बंद होत असतो, तोवर हे जाणवत नाही. तो रोज आपोआप बंद होऊ लागला की दररोज एकदा पाणी नळीतून उलटे येण्याची संधी तयार होते, आणि पंप टाकीच्या खाली ठेवलेला असेल तर ते पाणी पंपातून थेट सॉकेटपर्यंत जाऊ शकते.

ॲडॅप्टरवरच्या दिव्यांबाबत वेगळी काळजी लागते. चालू होण्याच्या क्षणी ॲडॅप्टरमधला रिकामा कपॅसिटर क्षणभर कित्येक अँपिअर ओढतो, मग तो ॲडॅप्टर केवळ २० वॅटचा का असेना. रिलेवर लिहिलेले १० अँपिअर साध्या रोधात्मक भारासाठी असतात. एकाच रिलेवर चार-पाच ॲडॅप्टर लावले तर वॅटची बेरीज शंभरच्या आत असूनही बिंदू एकमेकांना चिकटण्याचा धोका असतो, आणि चिकटलेला रिले बंदच होत नाही. एका रिलेवर एक, फार तर दोन ॲडॅप्टर ठेवावेत.

डोसिंग पंपाचा ॲडॅप्टर २३० व्होल्टच्या बाजूने चालू-बंद करू नये. ॲडॅप्टर सुरू व्हायला काही क्षण घेतो आणि बंद केल्यावर साठलेल्या विजेवर पंप थोडा वेळ फिरत राहतो. पंधरा सेकंदांच्या मात्रेत हा फरक लक्षणीय ठरतो. ॲडॅप्टर कायम चालू ठेवून त्याच्या १२ व्होल्टच्या तारेत मॉस्फेट मॉड्यूल, म्हणजे डीसीसाठीचा अर्धवाहक स्विच, घालावे. गळती नगण्य राहते, वेळ अचूक मिळते, आणि ओल्या हातांजवळ मुख्य वीज येत नाही. हाच उपाय १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांनाही चालतो. अपवाद स्थिर प्रवाह देणाऱ्या एलईडी ड्रायव्हरचा. त्याची बाहेरची बाजू चालू अवस्थेत तोडून पुन्हा जोडली तर वाढलेल्या व्होल्टेजचा धक्का एलईडींना बसू शकतो.

हाताशी फक्त ट्रायॅक असेल तर

महागडी पट्टी आधीच घेतलेली असेल आणि ती ट्रायॅकची निघाली, तर फेकून देण्याचे कारण नाही. उपकरणाला समांतर असा आणखी एक भार जोडला की ट्रायॅकला किमान प्रवाह मिळतो आणि गळतीलाही वाट मिळते. यासाठी आपल्याकडचा तारेचा जुना झिरोचा बल्ब उत्तम आहे. नाव झिरो असले तरी तो प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट घेतो, म्हणजे साठ मिलिअँपिअरच्या आसपास. शिवाय थंड असताना त्याच्या तारेचा रोध तापलेल्या रोधाच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहून कमी, म्हणजे काहीशे ओहम असतो, त्यामुळे सात मिलिअँपिअर गळती त्याच्यावर दोन-तीन व्होल्टच निर्माण करते. हल्ली झिरोचा म्हणून जो एलईडी बल्ब मिळतो, तो या कामाला निरुपयोगी आहे.

काही जण १० किलोओहमचा रोध लावायला सुचवतात. हिशेब केल्यास असे दिसते की तो चालू असताना पाच वॅटहून अधिक उष्णता टाकतो, आणि सात मिलिअँपिअरच्या गळतीवर त्याच्या टोकांना ७० व्होल्टच्या आसपास शिल्लक राहतात. तेवढ्यावर संवेदनशील दिवा लकाकू शकतो. गळती दीड मिलिअँपिअर असेल तर तोच रोध पुरतो. म्हणजे आधी गळती ठाऊक हवी, आणि ती बहुधा ठाऊक नसते. बल्बच बरा. त्याचा खर्च दिवसाला दहा तास धरल्यास महिन्याला साडेचार युनिटांच्या आत राहतो. बल्ब होल्डरमध्ये, लाकडी झाकणापासून आणि पडद्यापासून दूर ठेवावा.

२३० व्होल्टच्या कॉइलचा वेगळा रिले ट्रायॅकने चालवून त्या रिलेने उपकरण चालवणे हा तिसरा मार्ग कागदावर आकर्षक दिसतो. पण अशा लहान रिलेची कॉइलच पाच मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाहावर चालते, म्हणजे सात मिलिअँपिअरची गळती तिला बंदच होऊ देणार नाही. कॉइलला समांतर झिरोचा बल्ब लावावा लागणार असेल तर रिलेचा खटाटोप कशाला, असा प्रश्न उरतोच.

चौथी पायरी: जोडणी आणि सुरक्षितता

घराच्या पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकीसाठीच्या सर्किटवर तो आधी बसवून घ्यावा. काही घरांत त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. जादा प्रवाहावर पडणारा एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी सॉकेटच्या पातळीखाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. पट्टी जमिनीवर न ठेवता कॅबिनेटच्या बाजूला उंचावर, भिंतीला किंवा फळीला स्क्रूने बसवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने उघड्या बोर्डांचे सांधे हिरवट पडतात, म्हणून स्वतः जोडलेला रिले बोर्ड झाकणाच्या प्लास्टिक बॉक्सशिवाय वापरू नये.

ट्रायॅक बंद असणे म्हणजे वीज तुटणे नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. टाकीत हात घालण्याआधी ॲपवर विसंबू नये. प्लग काढावा किंवा भिंतीवरचे बटण बंद करावे.

पाचवी पायरी: वेळापत्रक आणि लाइट गेल्यावरचे वर्तन

वनस्पतींच्या टाकीत साधारण आठ तास प्रकाश पुरतो. कार्बन डायऑक्साइड दिव्याच्या एक तास आधी सुरू करून दिवा मालवण्याच्या एक तास आधी बंद करावा, आणि एअर पंप रात्री चालवावा. हे सगळे कोणत्याही ॲपमध्ये दहा मिनिटांत होते.

खरा विचार लागतो तो लाइट जाऊन परत येण्याचा. स्मार्ट प्लगमध्ये 'वीज आल्यावरची स्थिती' ठरवण्याची सोय असते. टास्मोटा हे प्लगवर घालायचे मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ती 'पॉवरऑनस्टेट' या आज्ञेत मिळते. सोलेनॉइड आणि डोसिंगसाठी ती 'बंद', एअर पंपासाठी 'चालू', आणि दिव्यासाठी 'आधी होती तशी' ठेवावी. वेळापत्रक प्लगच्या आत साठवले जात असले तरी बहुतेक प्लग घड्याळाची वेळ इंटरनेटवरून घेतात. लाइट आल्यावर राउटर उशिरा सुरू झाला तर मधल्या वेळात प्लगला किती वाजले हेच कळत नाही. भारनियमनाच्या गावात साधा पिनांचा यांत्रिक टायमरही उपयोगाचा नाही, कारण तो लाइट गेल्यावर थांबतो आणि तेवढा मागे पडतो.

ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपवर स्वतः बोर्ड करणाऱ्यांनी रिलेसाठी जीपीआयओ (चिपच्या नियंत्रणाच्या पिना) ४ आणि ५ निवडावेत. जीपीआयओ ०, २, १५ आणि १६ यांची पातळी सुरू होतानाच वरखाली होऊ शकते किंवा त्यांच्या अवस्थेवर चिप सुरू होणे अवलंबून असते. लाइट येताना डोसिंग पंपाला अनाहूत झटका बसतो तो बहुधा यामुळे.

सहावी पायरी: चाचणी

सगळे जोडून झाल्यावर, मासे आणि वायूचा सिलिंडर यांना धोका होणार नाही अशा सुट्टीच्या दिवशी तीन गोष्टी मुद्दाम घडवून पाहाव्यात: मुख्य बटण बंद करून पाच मिनिटांनी चालू करणे, राउटर बंद ठेवून वेळापत्रकातली एक वेळ येऊ देणे, आणि रात्री बारानंतर प्रत्येक 'बंद' उपकरणाला जवळून पाहणे व ऐकणे. एअर पंपावर बोट ठेवल्यास डोळ्यांना न दिसणारी थरथर लगेच कळते. प्लगमधल्या वीजमोजणीवर मात्र भरवसा ठेवू नये. स्वस्त प्लगांची मोजणी काही वॅटच्या खाली ढोबळ असते, आणि तीन वॅटचा पंप चालू असतानाही शून्य दिसू शकते.

आठवडाभराने प्लगच्या पिना आणि सॉकेट यांना हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहावे. एवढ्या कमी वॅटला तिथे ऊब जाणवण्याचे कारण नाही. जाणवली तर संपर्क सैल आहे.

रिलेच्या आयुष्याचा हिशेबही करून ठेवावा. बाजारातल्या निळ्या पाच व्होल्टच्या रिलेचे विद्युत आयुष्य साधारण एक लाख वेळा चालू-बंद होण्याचे धरतात. दिवसातून एकदा चालू होणाऱ्या दिव्याला ते कधीच संपणार नाही. उन्हाळ्यात पाणी २९ अंशांवर गेले की सुरू होणारा कूलिंगचा पंखा मात्र चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत अंतर न ठेवता लावला आणि तासाला दहा वेळा चालू-बंद होऊ लागला, तर वर्षाला ८७,६०० वेळा होतात, म्हणजे रिले वर्षभरातच म्हातारा होतो. एसटीसी-१००० सारख्या तापमान नियंत्रकात हे अंतर ०.३ ते १० अंशांपर्यंत ठरवता येते. ते किमान अर्धा अंश ठेवावे. पंखा १२ व्होल्टचा असेल तर त्याला रिलेऐवजी मॉस्फेटवरच चालवावे, कारण वारंवार चालू-बंद होणारा आणि डीसीवर चालणारा भार हे अर्धवाहक स्विचचे खरे काम आहे.